हार्डवेअर वॉलेट: खरेदीपासून वारसांपर्यंत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

क्रिप्टोमध्ये पैसे गुंतवावेत की नाही, हा या पानाचा विषय नाही. ज्यांनी क्रिप्टो नाणी आधीच घेतली आहेत आणि ज्यांना ती स्वतःच्या ताब्यात ठेवायची आहेत, त्यांच्यासाठी ही उत्तरे आहेत. हार्डवेअर वॉलेट, म्हणजे क्रिप्टोची गुप्त किल्ली जपणारे छोटे यंत्र, वापरूनही लोकांचे पैसे जातात आणि बहुतेक वेळा त्यात यंत्राचा दोष नसतो. वॉलेट परत मिळवून देणाऱ्या गुप्त शब्दांची जपणूक करण्यात किंवा यंत्राचा पडदा वाचण्यात कुठेतरी घाई झालेली असते. म्हणून या दोन गोष्टींविषयी येथे अधिक विस्ताराने लिहिले आहे.

माझी नाणी या यंत्रात साठवलेली असतात का?

नाही. बिटकॉइन किंवा ईथर कोणाच्या नावे किती आहे, याची नोंद त्या-त्या ब्लॉकचेनवर, म्हणजे जगभरच्या हजारो संगणकांवर एकाच वेळी ठेवलेल्या खातेवहीत असते. सातबाऱ्यावरची नोंद जशी तलाठ्याच्या दप्तरी असते आणि ती बदलायला मालकाची सही लागते, तसेच काहीसे येथे आहे. फरक एवढाच की येथे सही खरी आहे की खोटी हे ठरवणारा कोणी अधिकारी नाही. गणिताने जुळणारी सही ज्याच्याकडे, तोच मालक.

ही सही करण्यासाठी लागणारा गुप्त आकडा म्हणजे प्रायव्हेट की. हार्डवेअर वॉलेट हा आकडा आपल्या आतच निर्माण करते, आतच ठेवते आणि सहीही आतच करते. संगणकाकडे किंवा मोबाइलकडे फक्त झालेली सही जाते. त्यामुळे संगणकात व्हायरस असला तरी तो की चोरू शकत नाही. फसवी सही मात्र तो तुमच्याच बोटाने करून घेऊ शकतो. त्याविषयी पुढे सविस्तर लिहिले आहे.

एक्स्चेंजवर सगळे नीट चालले असताना हा खटाटोप कशासाठी?

एक्स्चेंजवर, म्हणजे क्रिप्टोची खरेदी-विक्री करून देणाऱ्या कंपनीकडील खात्यात, जे दिसते ते त्या कंपनीचे तुम्हाला असलेले देणे असते. १८ जुलै २०२४ रोजी वझीरएक्स या भारतीय एक्स्चेंजच्या वॉलेटमधून सुमारे २३ कोटी डॉलरची क्रिप्टो चोरीला गेली आणि त्यानंतर ग्राहकांना आपली नाणी बाहेर काढण्याची सोय वर्षाहून अधिक काळ बंद राहिली. अशा वेळी ॲपमध्ये आकडा दिसत राहतो, पण तो तुमच्या हाती नसतो.

तरीही प्रत्येकाने हे यंत्र घ्यावे असे मी म्हणणार नाही. चांगल्या यंत्रासाठी काही हजार रुपये मोजावे लागतात. तुमची एकूण क्रिप्टो त्या किमतीच्या आसपासच असेल, तर यंत्र घेऊन जोखीम घटण्यापेक्षा खर्चच वाढेल. शिवाय स्वतःच्या ताब्यात ठेवणे म्हणजे चूक झाल्यास दाद मागायला कोणीही नसणे. ही जबाबदारी पेलण्याची तयारी असेल तरच पुढे जावे.

कोणते यंत्र निवडावे?

प्राग येथील सातोशीलॅब्जने २०१४ मध्ये बाजारात आणलेले ट्रेझर हे या प्रकारचे पहिले प्रसिद्ध यंत्र. त्याची आज्ञावली सर्वांना तपासण्यासाठी खुली आहे. पॅरिसच्या लेजर कंपनीने सुरुवातीपासून बँक कार्डात असते तशा सुरक्षित चिपवर भर दिला. या दोन्ही वाटांचे गुणदोष आहेत. जानेवारी २०२० मध्ये क्रॅकेन या एक्स्चेंजच्या सुरक्षा प्रयोगशाळेने दाखवून दिले की तेव्हाचे ट्रेझर प्रत्यक्ष हातात मिळाले, तर सुमारे १५ मिनिटांत त्यातील बीज, म्हणजे ज्यातून सगळ्या की निघतात तो मूळ गुप्त आकडा, बाहेर काढता येते. पुढे २०२३ मध्ये ट्रेझरनेही सेफ ३ या यंत्रात सुरक्षित चिप बसवली. दुसरीकडे २०२३ मध्येच लेजरने ग्राहकाच्या संमतीने बीजाचे तुकडे बाहेर जपून ठेवण्याची सशुल्क सोय जाहीर केली, तेव्हा की यंत्राबाहेर जाऊच शकत नाही असे समजून चाललेले अनेक वापरकर्ते अस्वस्थ झाले.

माझे मत विचाराल तर ब्रँडपेक्षा पडद्याकडे अधिक लक्ष द्यावे. ज्या यंत्रावर संपूर्ण पत्ता (नाणी जेथे पाठवायची ती अक्षरे-अंकांची ओळ) आणि रक्कम न थकता वाचता येते, ते यंत्र चांगले. घरातील ज्येष्ठ व्यक्ती ते वापरणार असेल तर हा मुद्दा आणखी महत्त्वाचा ठरतो.

ते कुठून विकत घ्यावे? जुने चालेल का?

जुने चालणार नाही. ओळखीच्या माणसाने दिलेलेही नको. कंपनीच्या संकेतस्थळावरून किंवा तेथे नाव दिलेल्या अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्यावे. खरेदीच्या मोठ्या संकेतस्थळांवर ब्रँडच्या नावाखाली दुसराच कोणी विकत असतो, त्यामुळे विक्रेत्याचे नाव अधिकृत यादीशी ताडून पाहावे.

केवळ सीलबंद खोक्यावर विसंबू नये. २०२३ मध्ये कॅस्परस्की या सायबर सुरक्षा कंपनीच्या तज्ज्ञांनी एक बनावट ट्रेझर उघडून तपासले. बाहेरून ते अस्सल वाटत होते, पण आतली चिप बदललेली होती आणि नवे बीज तयार करण्याऐवजी ते हल्लेखोरांनी आधीच ठरवून ठेवलेल्या मोजक्या बीजांपैकी एक देत होते. मालकाने सर्व काळजी घेतली तरी त्याची की पहिल्या दिवसापासून दुसऱ्याकडे होती.

खोक्यात आधीच शब्द लिहिलेला किंवा खरवडून पाहायचा कागद सापडला, अथवा यंत्र पिन ठरवलेल्या अवस्थेत आले, तर ती फसवणूकच आहे असे समजावे. खरे यंत्र कोरे येते आणि शब्द ते तुमच्यासमोर, स्वतःच्या पडद्यावर तयार करते.

यंत्र पहिल्यांदा सुरू करताना कोणता क्रम पाळावा?

तासभर निवांतपणा मिळेल अशी वेळ निवडा. खोलीत सीसीटीव्ही कॅमेरा नसावा, लॅपटॉपचा कॅमेरा झाकलेला असावा आणि मोबाइल बाहेरच्या खोलीत ठेवावा. हा अतिरेक वाटेल, परंतु ज्या क्षणी ते शब्द पडद्यावर येतात तो या संपूर्ण व्यवहारातील सर्वांत नाजूक क्षण असतो.

सोबतचे ॲप कंपनीच्या संकेतस्थळावरूनच उतरवावे आणि तो पत्ता खोक्यातील पत्रकावरून पाहून स्वतः टाइप करावा. शोधयंत्रात वर दिसणाऱ्या जाहिरातीवरून जाऊ नये. नोव्हेंबर २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या अधिकृत ॲप दुकानातही लेजर लाइव्ह या लेजर कंपनीच्या ॲपचे बनावट रूप पोहोचले होते आणि त्यातून लोकांचे १६ हून अधिक बिटकॉइन गेले. मोठ्या दुकानात मिळाले म्हणजे अस्सल, असे गृहीत धरता येत नाही.

यंत्र जोडल्यावर ॲपला त्याच्या अस्सलपणाची तपासणी करू द्यावी आणि फर्मवेअर (यंत्राच्या आतली आज्ञावली) अद्ययावत करून घ्यावे. त्यानंतर नवे वॉलेट तयार करण्याचा पर्याय निवडून पिन ठरवावा. जन्मतारीख, गाडीचा क्रमांक, एटीएमचा पिन यांपैकी काहीही वापरू नये. मग यंत्र एकेक करून शब्द दाखवते. ते क्रमांकासह, शाईच्या पेनाऐवजी बॉलपेनाने किंवा पेन्सिलने, सुटसुटीत अक्षरांत लिहावेत. पुढे यंत्र काही शब्द पुन्हा विचारते. तेथे अंदाजाने उत्तर न देता लिहिलेल्या कागदाकडे पाहूनच द्यावे, कारण त्या क्षणी परीक्षा कागदाची असते, तुमच्या स्मरणशक्तीची नव्हे.

हे शब्द म्हणजे नेमके काय? १२ पुरेत की २४ हवेत?

सीड फ्रेज म्हणून ओळखले जाणारे हे शब्द म्हणजे एका प्रचंड मोठ्या यादृच्छिक आकड्याचे, म्हणजेच बीजाचे, माणसाला लिहिता येईल असे रूप. त्यासाठी बिप-३९ या मानकातील २,०४८ शब्दांची ठरलेली यादी वापरतात. शेवटच्या शब्दात पडताळणीचा अंशही दडलेला असतो, त्यामुळे मनाने कोणतेही १२ शब्द रचून चालत नाही. १२ शब्दांत १२८ बिट आणि २४ शब्दांत २५६ बिट इतकी यादृच्छिकता असते. १२ शब्दसुद्धा आजच्या कोणत्याही संगणकाला अंदाजाने ओळखता येणार नाहीत. यंत्र जितके देईल तितके घ्यावेत. या निवडीवर विचार करण्यात वेळ घालवण्यापेक्षा ते शब्द कुठे ठेवायचे यावर घालवावा.

एक गोष्ट मात्र मनात पक्की करावी. यंत्र हे साधन आहे आणि ते शब्द हेच वॉलेट आहे. यंत्र मोडले तर नवे मिळेल, परंतु शब्द ज्याच्या हाती पडले त्याला तुमचे यंत्र, पिन किंवा परवानगी यांपैकी कशाचीही गरज उरत नाही.

हे इंग्रजी शब्द देवनागरीत लिहून ठेवले तर अधिक सुरक्षित राहतील का?

हा प्रश्न मराठी वापरकर्त्यांकडून नेहमी येतो आणि त्यामागचा हेतू समजण्यासारखा आहे: कोणी कागद पाहिला तरी चटकन कळू नये. परंतु यात लाभ काहीच नाही आणि धोका मोठा आहे. मानकात जपानी, कोरियन, स्पॅनिश, फ्रेंच अशा काही भाषांच्या याद्या आहेत, मराठीची किंवा हिंदीची नाही; त्यामुळे यंत्राला अखेर रोमन स्पेलिंगच द्यावे लागते. आता यादीतील शब्द पाहा. ‘राइट’ असे लिहिले तर तो लिहिणे या अर्थाचा शब्द की उजवा या अर्थाचा? दोन्ही यादीत आहेत. ‘पीस’ म्हणजे शांतता की तुकडा? तेही दोन्ही यादीत आहेत. दहा वर्षांनी तुमची मुलगी तो कागद वाचेल तेव्हा तिला विचारायला तुम्ही असालच असे नाही. म्हणून शब्द रोमन लिपीत, पूर्ण स्पेलिंगसह लिहावेत. प्रत्येक शब्द पहिल्या चार अक्षरांवरून निश्चित ओळखता येईल अशी यादीची रचना आहे, त्यामुळे निदान ती चार अक्षरे ठसठशीत असावीत.

क्रम उलटा लिहिणे, मध्ये खोटे शब्द मिसळणे, कवितेत गुंफणे अशा स्वतः शोधलेल्या युक्त्यांनाही हेच लागू होते. चोरापेक्षा त्या घरच्यांनाच अधिक चकवतात.

शब्दांचा फोटो काढून ठेवला, किंवा स्वतःलाच व्हॉट्सॲपवर पाठवला तर?

नाही. मोबाइलमधला फोटो बहुधा आपोआप क्लाउडवर जातो, आणि फोटोंमधील मजकूर वाचून असे शब्द शोधणारी चोरटी ॲप्स प्रत्यक्षात सापडलेली आहेत. ईमेल, नोट्स, ड्राइव्ह, झेरॉक्सचे दुकान, प्रिंटर या सगळ्यांचे उत्तर तेच आहे. शब्द फक्त हार्डवेअर वॉलेटवरच टाकावेत; कोणत्याही कीबोर्डवर किंवा कॅमेऱ्यासमोर ते कधीही येऊ नयेत.

मग ते ठेवायचे कुठे? कागद पुरेसा आहे का?

सुरुवातीला कागद पुरतो, पण महाराष्ट्राच्या आणि गोव्याच्या हवेत कागदावर फार विश्वास टाकता येत नाही. कोकणातला चार महिन्यांचा दमटपणा, लाकडी कपाटाला लागणारी वाळवी आणि पूर या तिन्ही गोष्टी आपल्या परिचयाच्या आहेत. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत आणि ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापुरात ज्यांच्या घरात पाणी शिरले, त्यांना तळमजल्यावरच्या कपाटातील कागदपत्रांचे काय होते हे सांगावे लागत नाही.

म्हणून रक्कम मोठी असेल तर शब्द स्टेनलेस स्टीलच्या पट्टीवर ठोकून घ्यावेत. त्यासाठीच्या तयार पट्ट्या मिळतात. नाहीतर हार्डवेअरच्या दुकानातून अक्षरांच्या पंचांचा संच आणि जाड पत्रा आणूनही काम होते. प्रत्येक शब्दाची पहिली चार अक्षरे ठोकली तरी पुरे. हे काम स्वतःच्या हाताने करावे. भांड्यांवर नावे घालून देणाऱ्या दुकानात ते शब्द घेऊन जाणे म्हणजे वॉलेट दुसऱ्याच्या हाती देणे होय.

दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी असाव्यात: एक घरी कुलपात आणि दुसरी बँकेच्या लॉकरमध्ये किंवा पूर्ण विश्वासातील नातेवाइकांकडे, बंद पाकिटात. यंत्र आणि शब्द एकाच पिशवीत ठेवू नयेत. २४ शब्दांचे दोन तुकडे करून ते वेगवेगळ्या ठिकाणी ठेवण्याची कल्पना अनेकांना सुचते. त्यात एक तुकडा गेला की सगळेच गेले, आणि १२ शब्दांचे असे सहा-सहा तुकडे केले तर एक तुकडा मिळवणाऱ्याचे कामही पुष्कळ सोपे होते. वाटून ठेवायचेच असेल तर काही यंत्रांत असलेली शमीर पद्धतीची सोय वापरावी. तीत उदाहरणार्थ तीन भागांपैकी कोणतेही दोन एकत्र आले की वॉलेट उघडते आणि एकट्या भागातून काहीही कळत नाही.

लिहिलेले शब्द बरोबर आहेत याची खात्री कशी करावी?

तालीम करावी, आणि ती पैसे टाकण्यापूर्वी करावी. सगळ्या सूचनांतील ही सूचना सर्वाधिक टाळली जाते, म्हणून तिच्याबद्दल मी आग्रही आहे. प्रथम यंत्रावर मिळालेला एक पत्ता टिपून घ्या आणि त्यावर अगदी किरकोळ रक्कम पाठवा. नंतर यंत्र पूर्णपणे पुसून कोरे करा. मग कागदावरचे शब्द यंत्रावर टाकून वॉलेट पुन्हा उभे करा. तोच पत्ता आणि तीच रक्कम दिसली तर कागद बरोबर आहे.

माझ्या पहिल्या तालमीत यंत्राने शब्द नाकारले होते. अर्धा तास मी यंत्राला दोष देत होतो, आणि अखेर लक्षात आले की चालणे या अर्थाचा ‘वॉक’ मी इतक्या घाईने लिहिला होता की वाचताना तो भिंत या अर्थाचा ‘वॉल’ वाटत होता. दोन्ही शब्द यादीत असल्यामुळे संशयही आला नाही. तेव्हा त्या पत्त्यावर दोनशे रुपयांचीच क्रिप्टो होती, म्हणून तो प्रसंग आज धडा म्हणून सांगता येतो.

पासफ्रेज लावावी का?

पासफ्रेज म्हणजे त्या शब्दांना तुम्ही स्वतः जोडलेला आणखी एक गुप्त मजकूर. शब्दांचा कागद चोराला मिळाला तरी पासफ्रेजवाचून त्याला वेगळेच, रिकामे वॉलेट दिसते. वर सांगितलेल्या २०२०च्या हल्ल्यावरही हाच उपाय सुचवला गेला होता.

परंतु तिची एक बाजू नीट समजून घ्यावी. पासफ्रेज चुकीची टाकली तर यंत्र तक्रार करत नाही. कोणत्याही मजकुराने एक वैध, पण वेगळे वॉलेट उघडते. एखादे मोठे अक्षर किंवा एक मोकळी जागा चुकली तरी शिल्लक शून्य दिसते, आणि ती विसरल्यास परत मिळवण्याचा मार्ग नाही. रोमन अक्षरे, अंक आणि साधी चिन्हे एवढ्यांवरच थांबावे. ती लिहून ठेवावी, मात्र शब्दांपासून वेगळ्या जागी. नव्या वापरकर्त्याने पहिले सहा महिने तरी पासफ्रेजच्या वाटेला जाऊ नये, असे माझे मत आहे.

एक्स्चेंजवरून यंत्रावर पहिली रक्कम कशी आणावी?

प्रथम तुमचे एक्स्चेंज त्या नाण्याची बाहेर पाठवणी करू देते का, त्याचे शुल्क आणि मर्यादा किती, हे पाहावे. भारतात सर्वच ठिकाणी सर्वच नाण्यांसाठी ही सोय नसते. नंतर ॲपमध्ये पैसे स्वीकारण्याचा पर्याय निवडावा आणि संगणकावर दिसणारा पत्ता यंत्राच्या पडद्यावरील पत्त्याशी अक्षरन्अक्षर ताडून पाहावा. कॉपी केलेला पत्ता पेस्ट करताना गुपचूप बदलणारे व्हायरस फार जुने आहेत. पहिल्या आणि शेवटच्या चार अक्षरांवर समाधान मानू नये, कारण त्या अक्षरांशी मिळतेजुळते पत्ते मुद्दाम तयार करून ते तुमच्या जुन्या व्यवहारांच्या यादीत घुसवणे हा ठगांचा आवडता डाव आहे. मे २०२४ मध्ये अशाच नकली पत्त्यावर एका व्यक्तीने सुमारे ६.८ कोटी डॉलर पाठवले. त्यातील बहुतेक रक्कम पुढे परत आली, पण असे नशीब विरळाच. पत्ता कधीही जुन्या व्यवहारांतून उचलू नये.

नेटवर्कची, म्हणजे कोणत्या ब्लॉकचेनवरून पाठवायचे याची, निवड हा दुसरा खड्डा. डॉलरशी मूल्य जोडलेले यूएसडीटी हे एकच नाणे ट्रॉनवरही चालते आणि इथेरियमवरही. पाठवणाऱ्याने आणि घेणाऱ्याने एकच नेटवर्क निवडलेले असले पाहिजे. इथेरियमवरील टोकन (यूएसडीटीसारखे नाणे) पुढे पाठवण्यासाठी शुल्कापुरते थोडे ईथर त्याच पत्त्यावर लागते, हेही अनेकांना नंतर कळते.

आधी लहान रक्कम पाठवावी, ती पोहोचल्यावर मोठी. दोनदा शुल्क पडेल. ते आनंदाने द्यावे.

यंत्र वापरूनही मोठ्या कंपन्यांचे पैसे कसे चोरीला गेले?

या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक वापरकर्त्याने दोनदा वाचावे असे मला वाटते. वझीरएक्सने स्वतः दिलेल्या निवेदनानुसार त्यांच्या सह्या करणाऱ्यांकडे हार्डवेअर वॉलेट होती. २१ फेब्रुवारी २०२५ रोजी बायबिट या एक्स्चेंजमधून सुमारे १५० कोटी डॉलरचे ईथर गेले, तेव्हाही सही हार्डवेअर वॉलेटवरच झाली होती. यंत्रातून की बाहेर गेली नव्हती. संगणकाच्या पडद्यावर नेहमीचा व्यवहार दिसत होता आणि यंत्राकडे सहीसाठी वेगळाच व्यवहार आला होता. यंत्राच्या छोट्या पडद्यावर त्याचा अर्थ उलगडून दिसत नव्हता, केवळ एक गूढ आकडेमाळ दिसत होती, आणि सही झाली. यालाच ब्लाइंड सायनिंग, म्हणजे न वाचता केलेली सही म्हणतात. कोऱ्या स्टॅम्पपेपरवर सही करू नये हे आपल्याकडे लहान मुलालाही सांगितले जाते. हा नियम तोच आहे.

व्यवहारात याचा अर्थ असा की यंत्राचा पडदा हा एकमेव खरा पडदा मानावा. संगणकाने काहीही दाखवले तरी कोणाला, किती आणि काय जात आहे हे यंत्रावर वाचून मगच बटण दाबावे. समजले नाही तर नाकारावे. नाकारण्याने कधीही पैसे जात नाहीत. ब्लाइंड सायनिंगची सोय बंद ठेवावी.

डिफाय (मध्यस्थाविना चालणारे क्रिप्टो व्यवहार) किंवा एनएफटीची (डिजिटल वस्तूंच्या मालकीची टोकन) संकेतस्थळे वापरणाऱ्यांनी अधिक जपावे. तेथे ‘अप्रूव्ह’ म्हणून केलेली एक सही त्या संकेतस्थळामागच्या करारपत्राला (ब्लॉकचेनवर आपोआप चालणाऱ्या आज्ञावलीला) तुमचे टोकन अमर्याद उचलण्याचा अधिकार देऊ शकते. १४ डिसेंबर २०२३ रोजी लेजरच्याच जोडणी करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये घुसखोरी झाली आणि काही तास नामांकित संकेतस्थळांवरही विषारी व्यवहार सहीसाठी पुढे येत होते. म्हणून दीर्घकाळ ठेवायची रक्कम एका बीजावर ठेवावी आणि ते वॉलेट कोणत्याही संकेतस्थळाला जोडू नये. प्रयोगांसाठी वेगळ्या बीजावरचे, थोडक्या रकमेचे वॉलेट ठेवावे.

कंपनीकडून पत्र आले आहे की सुरक्षेसाठी शब्द पुन्हा नोंदवा. काय करावे?

ते पत्र फाडून टाकावे. २०२० मध्ये लेजरच्या ग्राहकांची माहिती फुटली. दहा लाखांवर ईमेल पत्ते आणि सुमारे २ लाख ७२ हजार ग्राहकांची नावे, घरचे पत्ते व फोन क्रमांक उघड झाले. त्यानंतर काहींच्या घरी बनावट यंत्रे टपालाने आली, आणि २०२५ मध्ये कंपनीच्या कागदावर छापल्यासारखी क्यूआर कोड असलेली पत्रेही लोकांना मिळाली. जानेवारी २०२४ मध्ये ट्रेझरच्या मदतकक्षाच्या यंत्रणेतून सुमारे ६६ हजार लोकांचे संपर्क तपशील फुटले. म्हणजे ठगाला तुमचे नाव, पत्ता आणि यंत्राचा प्रकार ठाऊक असू शकतो. त्याने तो सांगितला म्हणून तो कंपनीचा ठरत नाही.

खरी कंपनी, तिचा मदतनीस, पोलीस किंवा प्राप्तिकर अधिकारी यांपैकी कोणालाही तुमच्या शब्दांची गरज पडत नाही. शब्द मागणारा प्रत्येक माणूस चोर आहे, असे बिनदिक्कत धरून चालावे.

यंत्र हरवले, किंवा पिन विसरला तर?

शब्द सुरक्षित असतील तर पैसे सुरक्षित आहेत. लेजरवर तीनदा आणि ट्रेझरवर ठरावीक वेळा पिन चुकला की यंत्र स्वतःला पुसून टाकते. मग शब्द टाकून पुन्हा सुरुवात करता येते. मात्र हरवलेले यंत्र कोणाच्या हाती लागले असेल, तर नव्या यंत्रावर नवे बीज तयार करून रक्कम तेथे हलवणे शहाणपणाचे.

यंत्र बनवणारी कंपनीच बंद पडली तर?

मानक सामाईक असल्यामुळे तेच शब्द बहुतेक वेळा दुसऱ्या कंपनीच्या यंत्रावरही चालतात. कधी कधी शब्द बरोबर असूनही शिल्लक शून्य दिसते. त्याचे कारण बहुधा असे की एकाच बीजातून बिटकॉइनचे अनेक प्रकारचे पत्ते निघतात, आणि नवे ॲप वेगळ्या प्रकारचे खाते शोधत असते. अशा वेळी घाबरून शब्द इंटरनेटवरच्या कोणत्याही ‘तपासणी’ पानावर टाकू नयेत. ॲपमध्ये खात्याचा प्रकार बदलून पाहावा. म्हणून कागदाच्या मागे यंत्राचे नाव, वर्ष आणि खात्याचा प्रकार लिहून ठेवणे उपयोगी पडते.

फर्मवेअर अद्ययावत करणे सुरक्षित आहे का?

होय, आणि ते आवश्यकही आहे. फक्त शब्दांची तपासलेली प्रत हाताशी असताना, अधिकृत ॲपमधूनच करावे. ईमेलमधील दुव्यावरून कधीही नाही.

शब्द कोणीतरी पाहिले अशी शंका आहे. पिन बदलू का?

पिन बदलून काही साधत नाही. तो केवळ त्या यंत्राचा आहे. लगेच नवे बीज तयार करावे आणि सर्व रक्कम नव्या पत्त्यांवर हलवावी, प्रथम सर्वांत मोठी. शंका खोटी ठरली तर थोडे शुल्क गेले इतकेच. चोरी झालीच असेल तर भारतात १९३० या क्रमांकावर आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी संकेतस्थळावर तातडीने तक्रार करावी, व्यवहाराचा क्रमांक आणि चोराचा पत्ता सोबत द्यावा. चोरलेली नाणी एखाद्या एक्स्चेंजवर पोहोचली तर तेथे ती रोखली जाण्याची शक्यता असते. शुल्क घेऊन ‘पैसे परत मिळवून देणारे’ जे लोक त्यानंतर संपर्क साधतात, ती दुसरी फसवणूक असते.

यंत्रावर हलवल्याने कर लागतो का?

स्वतःच्या खात्यातून स्वतःच्याच वॉलेटमध्ये हलवणे म्हणजे विक्री नव्हे. १ एप्रिल २०२२ पासून क्रिप्टोच्या हस्तांतरणातील नफ्यावर ३० टक्के कर आणि वर उपकर आहे, तोटा दुसऱ्या नफ्यातून वजा करता येत नाही, आणि १ जुलै २०२२ पासून १ टक्का टीडीएसची तरतूद आहे. पण पुढे विकाल तेव्हा खरेदीची किंमत तुम्हालाच दाखवावी लागते. एक्स्चेंज बंद पडले की तेथील जुनी विवरणेही मिळत नाहीत, म्हणून ती वेळीच उतरवून ठेवावीत. स्वतःच्या परिस्थितीविषयी सीएचा सल्ला घ्यावा.

माझ्यानंतर घरच्यांना हे कसे मिळेल?

बँकेच्या खात्याला जसे नामनिर्देशन असते तसे येथे नाही. शब्द सापडले नाहीत तर ती रक्कम कोणालाही, कोणत्याही न्यायालयाच्या आदेशाने मिळू शकत नाही. त्याच वेळी शब्द मृत्युपत्रात लिहू नयेत. मृत्युपत्र वकील, साक्षीदार आणि पुढे न्यायालयाचे कर्मचारी अशा अनेकांच्या नजरेखालून जाते.

मृत्युपत्रात अशी मालमत्ता आहे आणि ती कोणाला द्यायची एवढेच लिहावे. वेगळ्या पत्रात, साध्या मराठीत, यंत्र कुठे आहे, शब्दांची प्रत कुठे आहे, पासफ्रेज असल्यास ती कोणाकडे आहे, आणि घाई न करता कोणत्या एका विश्वासू व्यक्तीची मदत घ्यावी, हे लिहावे. शब्द मात्र त्या पत्रात नकोत. शक्य असेल तर पत्नीला, पतीला किंवा सज्ञान मुलाला शेजारी बसवून थोड्या रकमेवर एकदा ती तालीम करून घ्यावी. शोकाच्या दिवसांत अनोळखी यंत्र हाती घेणे फार कठीण असते, आणि नेमक्या त्याच दिवसांत मदतीच्या नावाखाली शब्द विचारणारे लोक भेटतात.

जुने यंत्र कोणाला द्यायचे किंवा टाकायचे असेल तर?

आधी रक्कम नव्या बीजावर हलवावी आणि नव्या शब्दांची तालीम पूर्ण करावी. मग जुने यंत्र पुसून ई-कचऱ्यात द्यावे. ते विकू नये आणि भेटही देऊ नये. जुन्या शब्दांचा कागद मात्र लगेच जाळू नये. एखादे विसरलेले टोकन किंवा उशिरा आलेली रक्कम त्या पत्त्यांवर पोहोचू शकते, म्हणून ‘जुने, रिकामे’ असा शेरा आणि तारीख लिहून तो काही वर्षे जपून ठेवावा.